'विशेष बहुमत' म्हणजे नक्की किती मतं?

प्रश्न: पेपरात कायम येतं की घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश बहुमत लागतं, मग लोकसभेच्या ५४३ पैकी ३६२ खासदार बाजूने पाहिजेतच का? आणि साधं, स्पष्ट, विशेष बहुमत हे सगळं एकच का?

उत्तर: नाही, तिन्ही वेगळी. साधं म्हणजे हजर राहून मत देणाऱ्यांमधले निम्म्याहून जास्त, नेहमीचे कायदे यावरच पास होतात. स्पष्ट बहुमत हा निवडणुकीतला शब्द, एकाच पक्षाला निम्म्याहून जास्त जागा मिळाल्या की वापरायचा. 'विशेष बहुमत' हे शब्द घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या ३६८ कलमात नाहीतच, तिथे दोन अटी आहेत आणि पेपरवाले त्यातली एकच लिहितात हे मला फार खटकतं. बाजूची मतं सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त हवीत, रिकाम्या जागासुद्धा धरून, म्हणजे लोकसभेत किमान २७२, आणि शिवाय मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश हवीत. ४५० जणांनी मत दिलं तर ३०० पुरतात, पण ३९० जणांनीच दिलं तर २६० वर भागत नाही, २७२ लागतातच. ३६२ हा आकडा सगळेच्या सगळे ५४३ मत देतील तेव्हाचा. तटस्थ राहणारे या दोन तृतीयांशात धरत नाहीत, त्यामुळे विरोधकांनी सभात्याग केला की सरकारचं काम उलट सोपं होऊ शकतं.

हे काटेकोर किती ते १९७० मध्ये दिसलं, संस्थानिकांचे तनखे (माजी राजांना सरकार दरवर्षी देत असलेले पैसे) बंद करायचं विधेयक लोकसभेत पास झालं आणि राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ वर पडलं, कारण २२४ चे दोन तृतीयांश १४९ च्या जरासे वर जातात, एक मत कमी पडलं! तनखे शेवटी १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने गेले. संयुक्त बैठकीची सोय घटनादुरुस्तीला नाही, दोन्ही सभागृहांत वेगवेगळं पास व्हावं लागतं.

प्रश्न: मग १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा पण घटनादुरुस्ती झाली असेल ना?

उत्तर: नाही. राज्यांची पुनर्रचना ३ ऱ्या कलमाखाली साध्या बहुमताने होते. त्याने घटनेची पहिली अनुसूची, म्हणजे राज्यांची यादी, बदलते, तरी ४ थं कलम स्पष्ट सांगतं की याला ३६८ खालची दुरुस्ती समजायचं नाही. म्हणून 'घटनेत बदल' आणि 'घटनादुरुस्ती' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. जीएसटीचं उलट होतं, ती २०१६ ची १०१ वी घटनादुरुस्ती, तिला विशेष बहुमत तर लागलंच, वर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागली.