अनुभव धागा: जपानमध्ये शिकायला राहिलेल्यांनो, रोजचं सांगा

माझी भाची येत्या एप्रिलमध्ये जपानला शिकायला निघाली आहे. फुजी, साकुरा आणि शिन्कान्सेन याबद्दल तिला सगळेच सांगताहेत. म्हणून हा धागा. पर्यटकाचं जपान नको, राहणाऱ्याचं हवं. भाडं, कचरा, कागदपत्रं, जेवण, फजिती, काहीही चालेल.

सुरुवात माझ्यापासून. मी टोकियोत मेजिरोजवळ राहून दोन वर्षं भाषाशाळेत शिकले. पहिला महिना सगळा नावात गेला. आपल्या पासपोर्टात आपलं नाव आणि वडलांचं नाव एकाच रकान्यात असतं. जपान्यांना मधलं नाव ही भानगडच माहीत नाही. बँकेच्या फॉर्मवरच्या चौकटी संपल्या तरी बाबा अर्धेच लिहून झाले होते. त्यातून काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, ल आणि र एकच, त्यामुळे कुलकर्णी असाल तर 'कुरुकारुनी' व्हाल. माझं नाव बँकेत एका तऱ्हेने लागलं, फोनच्या दुकानात दुसऱ्या. मग खात्यातून बिल कापलंच जाईना. दवाखान्यात नंबर आला की पूर्ण नावाने हाक, म्हणजे दोन वर्षं माझ्याबरोबर बाबांनाही डॉक्टरकडे बोलावलं जात होतं. एकदा काताकानात नाव कसं लिहायचं ते ठरवा, चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा आणि जन्मभर तेच लिहा.

जाता जाता एक. शाळेच्या वाटेवर जपान महिला विद्यापीठ लागायचं, 1901 सालचं. महर्षी कर्व्यांच्या हाती त्याचंच माहितीपत्रक पडलं आणि 1916 साली आपल्याकडे महिला विद्यापीठ उभं राहिलं. माझी आजी त्याच एसएनडीटीची पदवीधर. तिला व्हिडिओ कॉलवर फाटक दाखवलं तर म्हणाली, "अगं आत जा की, आपलंच आहे." दारावर रखवालदार होता, नाही गेले.

आता तुम्ही लिहा.

सेंदाईकर:
पीएचडी, सरकारी शिष्यवृत्ती, महिना 1,45,000 येन. घरच्यांनी लगेच रुपयांत गुणाकार केला, भाडं मात्र कोणी वजा केलं नाही.

कचऱ्याबद्दल लिहायलाच हवं. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या-डबे वेगळे, प्रत्येकाचा वार वेगळा, आणि सगळं सकाळी, गाडी यायच्या आत. रात्री ठेवायचं नाही, कावळे फाडतात. मी पहिल्याच आठवड्यात चुकलो. ओरडलं कोणीच नाही. गाडी आली, सगळ्यांच्या पिशव्या गेल्या आणि माझी एकटी तिथेच राहिली, वर स्टिकर. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी ती पिशवी जॅकेटखाली लपवून वर नेली, चोरी केल्यासारखी. चार दिवसांनी दाराला एक तक्ता चिकटवलेला दिसला. छापील, पण प्रत्येक कांजीच्या, म्हणजे अवघड चिन्हाच्या, डोक्यावर पेन्सिलीने हिरागाना, म्हणजे उच्चाराची सोपी अक्षरं, लिहिलेले, मला वाचता यावं म्हणून. खालच्या मजल्यावरच्या आजींचं अक्षर, हे नंतर कळलं. ती माया होती की दटावणी? पाच वर्षं झाली, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी त्यांना नागपूरची संत्राबर्फी दिली, त्यांनी दुसऱ्याच दिवशी डबा परत केला. भरून.

थंडीचं थोडक्यात: बाहेर बर्फ आणि घरातही तेच. भिंती पातळ, खोलीपुरता हीटर. हिवाळ्यात रॉकेलची गाडी धून वाजवत गल्लीत येते, तिची वाट बघायची सवय लागते.

रात्रपाळी:
शिष्यवृत्तीवाल्यांचं ऐकलं, आता स्वखर्चाने गेलेल्यांचं ऐका. विद्यार्थ्याला आठवड्याला 28 तासच काम करता येतं. सगळ्या कामांचे मिळून, एकेका जागी 28 नव्हे. लांब सुट्टीत रोज आठ तास चालतात. परवानगी विमानतळावरच, रेसिडेन्स कार्ड मिळतं तेव्हा मागून घ्या, नंतरची खेप वाचते.

मी 2019 च्या हिवाळ्यात बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात होतो. टोकियोत किमान मजुरी ताशी 1,013 येन, रात्री दहानंतर चौथा हिस्सा जास्त, म्हणून सगळ्यांना रात्रच हवी असायची. काम काय, तर पट्ट्यावरून भाताचे डबे येतात, प्रत्येकावर एक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, ठेवायची. पाच तास. उमेबोशी, उमेबोशी, उमेबोशी. शेजारी एक नेपाळी आणि एक व्हिएतनामी, दोघंही माझ्यासारखेच कर्ज काढून आलेले. आमची जपानी त्या पट्ट्यावर सुधारली, वर्गात नाही, कारण वर्गात आम्ही झोपायचो. एजंटने घरच्यांना सांगितलं होतं की पोरगा कमवून फी भरेल. तो हिशेब 28 तासांत बसत नाही. मग मुलं गुपचूप जास्त तास करतात, आणि व्हिसा वाढवताना कराच्या कागदांतून उघडं पडतं. माझ्या खोलीतला एकजण असाच परत गेला. भाचीला सांगा, पहिल्या सहा महिन्यांचे पैसे हातात असतील तरच ये.

क्योतोची शाकाहारी:
"मांस नको" म्हटलं की मांस येत नाही, मासा येतो. मासाही नको म्हटलं तर मासा दिसत नाही, पण रसात असतो. दाशी म्हणजे वाळवलेल्या माशाचा काढा, आणि तो जपानी माणसाच्या लेखी मासा नव्हेच. फोडणीतल्या हिंगाला आपण भाजी म्हणतो का? तसंच. प्रयोगशाळेच्या पहिल्या पार्टीत मी काकडी आणि एदामामेवर (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा) तीन तास काढले आणि सगळ्यांसारखेच पैसे भरले. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या सरांनी, हे पाहिलं असावं. पुढच्या वेळी त्यांनी न बोलता देवळाजवळचं शोजिन जेवणाचं ठिकाण निवडलं. साधूंचं जेवण, खरोखर शाकाहारी. प्रयोगशाळेतली पोरं घरी जाताना कोंबडी खाऊन गेली.

सिंहगड रोड ते ओकायामा:
ओकायामाची कोराकुएन बाग 1700 साली पुरी झाली. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान तिच्याच धर्तीवरचं. मी लहानपणापासून दर रविवारी तिथे हुंदडलेलो. इथे पहिल्यांदा गेलो, पूल ओलांडला आणि नकळत भेळवाला शोधू लागलो.

सायकल घेतलीत तर नोंदणीचा स्टिकर करून घ्या. मला पोलिसांनी दोन वर्षांत सहा वेळा थांबवलं, दर वेळी अतिशय नम्रपणे. माझ्या जपानी मित्राला एकदाही नाही.

व्याकरणाचं मात्र आपल्याला सोपं जातं. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या मागे, आणि वाक्याला 'ने' लावलं की आपलं 'ना' झालं. सामुइ देसु ने, थंडी आहे ना.

धागाकर्ती:
भाची वाचतेय. विचारतेय, शिट्टीचा कुकर आणू का?

सेंदाईकर:
आणा, पण ऐका. मी पहिल्या रविवारी सकाळी वरण लावलं. दुसऱ्या शिट्टीला वरच्या मजल्यावर धावपळ, तिसरीला बेल वाजली. दारात सोसायटीचा माणूस, हातात गॅसगळती तपासायचं यंत्र. मी त्याला कुकर दाखवला. तो लांबूनच वाकून बघत राहिला आणि तेवढ्यात चौथी झाली.

आता मी घड्याळ लावतो आणि शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करतो. डाळ थोडी कच्ची राहते.