नवं नायट्रो इंजिन मोकळं करताना: मराठवाड्यातले अनुभव

रिमोटच्या गाडीचं नायट्रो इंजिन (मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं छोटं इंजिन) इंधनाच्या पहिल्या काही टाक्यांत कसं चालवलं, म्हणजे कसं मोकळं केलं (ब्रेक-इन), यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. माहिती भरपूर मिळते, पण बहुतेक परदेशातली. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ वर जातो आणि काळ्या रानातली धूळ सगळीकडं शिरते. म्हणून आपल्या हवेत, आपल्या मातीत ज्यांनी इंजिन मोकळं केलंय त्यांनी सविस्तर लिहावं. सुरुवात मी करतो.

संभाजीनगर (धागाकर्ता)
माझी १/८ मापाची बग्गी, इंजिन ३.५ सीसीचं. माझं मत ठाम आहे, नवं इंजिन गार ठेवून मोकळं करू नये. या इंजिनात रिंग नसते. पिस्टन अल्युमिनियमचा, लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) पितळेचा, त्याला आतून क्रोमचा मुलामा, आणि वरच्या टोकाला लायनर किंचित निमुळता. गार असताना फ्लायव्हील हातानं फिरवलं की पिस्टन वर जाऊन अडतो. नवे लोक इथंच घाबरतात. ती पकड असायलाच हवी, कॉम्प्रेशन तिच्यातूनच मिळतं. इंजिन तापलं की लायनर पिस्टनपेक्षा जास्त फुगतो आणि दोघांत हवी तेवढी फट पडते. गार इंजिन नुसतं आयडलवर घुरघुरत ठेवलं, तर पिस्टन दर फेरीला त्या अरुंद जागेत घासतो, कनेक्टिंग रॉडवर ताण येतो आणि मोलाची पकड झिजून जाते.

म्हणून इंजिन चालू करायची दोरी ओढण्याआधी मी हेअर ड्रायरनं हेड (इंजिनाचा वरचा, पंखांचा भाग) चांगलं तापवतो. मिश्रण रिच (हवेच्या मानानं इंधन जास्त) ठेवतो, कारण या इंजिनाला वंगण इंधनातूनच मिळतं. पण हेडचं तापमान ९० ते १०० अंशांपर्यंत येऊ देतो. थोडा वेळ चालवायचं, बंद करायचं, फ्लायव्हील फिरवून पिस्टन तळाला आणायचा आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. मग पुन्हा तेच. पिस्टन वरच राहिला तर आकसणारा लायनर त्याला आवळतो.

लातूर
मी जुन्या वळणाचा. एनसीसीच्या एअर विंगमध्ये विमानांची मॉडेलं उडवायचो, तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की नवं इंजिन स्टँडवर लावा आणि भरपूर रिच ठेवून बराच वेळ चालवा. ते चूक नव्हतं. त्या इंजिनांत पोलादी लायनरमध्ये लोखंडी पिस्टन असायचा, नाहीतर रिंग असायची. ते भाग एकमेकांत बसायला वेळ लागायचा. आजच्या पितळी लायनरला तोच नियम लावू नये, हे धागाकर्त्यांचं म्हणणं मला पटतं. कॅस्टर तेलाचा आग्रह मात्र मी सोडणार नाही. जास्त तापलं तरी ते पृष्ठभागाला धरून राहतं.

जालना
आपलं टर्निंगचं वर्कशॉप हाय, त्यामुळं आधी ग्लो प्लग (इंधन पेटवणारा) काढून बघायची सवय. पहिल्या टाक्यांनंतर प्लगच्या तारेवर बारीक चंदेरी कण दिसत्यात. घाबरायचं काम नाही, नवी धातू घासली की तेवढं निघतंच. पण तो प्लग पुढं वापरू नका. तार प्लॅटिनमची असती, मिथेनॉलच्या संगतीनं तीच तापत राहती आणि इंजिन चालतं. तिच्यावर कण बसले की इंजिन मधीच बंद पडतं आन् लोक उगाच सुई (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवत बसत्यात. ब्रेक-इन झालं की नवा प्लग लावा.

परभणी
मी डिसेंबरात मोकळं केलं. सकाळच्या गारठ्यात रिच मिश्रणावर हेड ७० च्या वर जाईना. मग पोळ्या गुंडाळायची फॉइल हेडच्या पंखांभोवती लावली आणि तापमान सरळ वर आलं. सुई आवळून तापमान वाढवायचा मोह होतो, तो टाळा. लीन (इंधन कमी) झालं की तेल कमी पोचतं. आणखी एक: गार हवा दाट असते, तिला इंधन जास्त लागतं. दुपारी लावलेली सुई पहाटे लीन पडते.

बीड
आमच्याकडं उलटं. उन्हाळ्यात हेड लवकर तापतं, फॉइलचं नाव काढायचं नाही. टेम्परेचर गन नव्हती तेव्हा हेडवर पाण्याचा थेंब टाकायचो. तीन-चार सेकंदांत उडाला तर ठीक, टाकताक्षणी चर्रकन गेला तर जास्त तापलंय. खरा वैरी धूळ. नव्या इंजिनात एकदा माती गेली की लायनरवर उभे ओरखडे पडतात, मग ब्रेक-इन कितीही निगुतीनं करा. फिल्टरच्या फोमला तेल लावल्याशिवाय दोरीला हात लावू नये. पहिल्या टाक्या मी प्लॉटिंगच्या सिमेंट रस्त्यावरच संपवतो, रानात नंतर.

अंबाजोगाई
गाडी मुलाची, पण इंधन माझ्या ताब्यात. त्यात मिथेनॉल असतं, पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. पाण्याच्या बाटलीत कधीच काढून ठेवू नका. उन्हात त्याची ज्योत जवळपास दिसत नाही, हे मुलांना आधी सांगा. झाकण घट्ट लावा, पावसाळ्यात ते हवेतली ओल ओढून घेतं आणि मग इंजिन नीट चालत नाही.

उदगीर
दादा, माझं २.१ सीसीचं आहे. रविवारी पहिल्यांदा चालू करणार. दोरी ओढली तर मध्येच घट्ट अडते. जोर लावू का?

संभाजीनगर (धागाकर्ता)
अजिबात नको. आधी प्लग काढून दोरी ओढा. आत इंधन साचलं असेल तर बाहेर उडेल, तोंड बाजूला ठेवा. प्लग काढल्यावरही वरच्या टोकाला अडत असेल तर ती नव्या लायनरची पकड आहे. हेड हाताला चांगलं गरम लागेपर्यंत ड्रायर धरा, मगच ओढा. चालू झाल्यावर हेडचं तापमान आणि त्या वेळची हवा, दोन्ही इथं लिहा. सुई किती खोलायची ते त्यावरून सांगता येईल.