२४ तासांची सिस्टर बंद करून मावशी ठेवा म्हणतात, हे ठरवतात कशावरून?

सातारकरीण:
आई ७४ वर्षांची. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी, शिवाय लघवीची पिशवी. दवाखान्यातून घरी आणल्यापासून २४ तास सिस्टर आहे. काल होमकेअरच्या केस मॅनेजरबाई आल्या, आईची पाठ-टाचा बघितल्या, वही चाळली आणि म्हणाल्या, आता मावशी (पेशंट सांभाळणाऱ्या, पण नर्सिंग न शिकलेल्या बाई) पुरतील, सिस्टर आठवड्यातून दोनदा येऊन जाईल. पैसे वाचतील हे खरं, पण धास्ती वाटते.

वाडेकर_काका:
माझ्या भावाचं सगळं मावशींनीच केलं, छान केलं. मावशी कोण मिळतात त्यावर आहे सगळं.

सिस्टर_पुणे:
ताई, मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, वॉर्डातून बाहेर पडून आता हेच काम करते. आजाराच्या नावावरून आम्ही ठरवत नाही. दिवसभरात सिस्टरच्याच हाताने व्हायला हवं असं काय आहे, ते आधी बघतो. इंजेक्शनं, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं), खोल जखमेचं ड्रेसिंग चालू असेल तर मी सिस्टर काढणार नाही. अंग पुसणं, कूस बदलणं, डायपर मावशी उत्तम करतात.

पाठ बघितली ते बरोबर केलं. माकडहाडावर लाली असेल तर बोटाने दाबायचं. बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढरी पडली तर ठीक. लालच राहिली तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. हा धोका मोजायला ब्रेडन स्केल नावाचा तक्ता असतो, ६ ते २३ गुणांचा. गुण जितके कमी तितका धोका जास्त, १८ किंवा खाली आले की आम्ही सावध होतो. आईचे किती आले ते विचारा, त्यांनी सांगायलाच हवं.

माझा जीव अडकतो तो नळीतून भरवण्यात. मावशींना मी माझ्यासमोर भरवायला लावते. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर घेतली का, नळीवरची खूण नाकपुडीपाशी जागेवर आहे का हे आधी बघितलं का, भरवून झाल्यावर अर्धा-एक तास तसंच बसतं ठेवलं का. मध्येच ठसका लागला तर त्यांचा हात जागच्या जागी थांबला पाहिजे. नाही थांबला तर त्या मावशी कितीही मायेच्या असोत, या पेशंटला नकोत. आणि नळी निसटली तर मावशींनी परत घालायची नाही, कधीच नाही.

रात्री घरात कोण असतं?

सातारकरीण:
मी आणि बाबा. बाबा ७९ चे. दिवसा मी बँकेत. हे त्यांनी विचारलंच नाही! आत्ता फोन केला, ब्रेडन १४ आहे म्हणाल्या.

सिस्टर_पुणे:
१४ म्हणजे मध्यम धोका. एअर मॅट्रेस नसेल तर आजच आणा, दर दोन तासांनी कूस बदलल्याची वेळ वहीत लिहायला लावा. दिवसा मावशींसोबत फक्त बाबा असतील तर मी एकदम दोन भेटींवर आणणार नाही. सिस्टर आणि मावशी काही दिवस एकत्र ठेवा, मग दिवसाची सिस्टर चालू ठेवून रात्रीची कमी करा, कारण रात्री तुम्ही आहात. बाबांचं केस मॅनेजरबाईंना स्पष्ट सांगा आणि बदल डॉक्टरांकडून लेखी घ्या. स्पीच थेरपिस्टला बोलावून गिळण्याची तपासणीही करून घ्या. नळी निघाली तर सगळा हिशोब नव्याने मांडता येईल.