अनुभव धागा : गारठ्याचा पॅलाडिन तुम्ही कसा घडवलात?

डायब्लो २ या कॉम्प्युटर खेळात पॅलाडिन (धर्मयोद्ध्याचं पात्र) घेतला म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "हॅमर ना?" ब्लेस्ड हॅमर या त्याच्या गाजलेल्या कौशल्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण इतक्या वर्षांत मी जेव्हा जेव्हा हा खेळ नव्याने सुरू केला, तेव्हा तेव्हा माझा पॅलाडिन होली फ्रीझकडेच, म्हणजे भोवतालच्या शत्रूंना गारठवून संथ करणाऱ्या ऑराकडेच (त्याच्याभोवती पसरणाऱ्या प्रभावाकडेच) वळला. त्यामागचं कारण एका संध्याकाळचं आहे.

२००२ साल, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, नाशिक. कॉलेजच्या मागच्या गल्लीत आठ पीसींचा एक सायबर कॅफे होता. मी अ‍ॅक्ट ३ मध्ये (खेळाच्या तिसऱ्या भागात), कुरास्तच्या जंगलात अडकलो होतो. तिथले ते बुटके फ्लेअर सुरे परजत झुंडीने येतात, मागून त्यांचे मांत्रिक आग ओकतात, आणि नेमकं कोणाला मारायचं हे कळायच्या आत आपण आडवे. त्याच दिवशी माझी लेव्हल १८ झाली. माइट आणि होली फायरमध्ये एकेक पॉइंट आधीच होता, म्हणून होली फ्रीझ उघडलं. एक पॉइंट टाकला, ऑरा लावला आणि पुन्हा त्याच झाडीत शिरलो. झुंड आली, पायाशी निळं वर्तुळ पसरलं आणि सगळे जड पावलांनी चालायला लागले. पहिल्यांदाच मला ते मोजता आले. सात होते.

पहिल्या पॉइंटला हा ऑरा शत्रूचा वेग ३० टक्क्यांनी कमी करतो. कितीही पॉइंट ओतले तरी ६० च्या पुढे जात नाही. नुकसानाच्या आकड्यांत होली शॉक हा विजेचा ऑरा त्याच्या कितीतरी पुढे आहे, हे मला पक्कं माहीत आहे. तरी त्या दिवशी हातात आलेला वेळ मी विसरू शकलो नाही.

तुमचा गारठ्याचा पॅलाडिन कसा घडला? पॉइंट कुठे टाकलेत, कुठे अडलात, काय चुकलं? दुसऱ्या कुठल्या खेळातला असला तरी चालेल. सविस्तर लिहा.

पंचगंगा

मी कोल्हापूरचा. आमची चौघांची पार्टी होती आणि माझा जिवलग मित्र नेक्रोमॅन्सर (प्रेतांवर जादू करणारं पात्र) खेळायचा. त्याचा सगळा डाव कॉर्प्स एक्स्प्लोजनवर. एक प्रेत पडलं की ते फोडायचं, त्यातून आणखी पाच पडतात, मग ती फोडायची. मी होली फ्रीझ लावून पुढे घुसायचो. गारठलेला राक्षस मेला की पुष्कळदा त्याचा काचेसारखा चुरा होतो आणि मागे प्रेत राहतच नाही. मित्र बिचारा मागे काठी घेऊन उभा. आठवडाभर त्याला वाटत होतं की त्याचं कौशल्यच बिघडलंय. कारण कळलं त्या दिवशी तो माझ्यावर खरोखर चिडला, आणि त्याचं बरोबरच होतं.

मग आम्ही वाटणी केली. अ‍ॅक्ट १ मध्ये जिथे फॉलन नावाचे छोटे राक्षस आणि त्यांचे शामन असतात, तिथे मी पुढे. शामन मेलेल्या फॉलनला पुन्हा उठवतो, पण चुरा झाला की उठवायला काही उरत नाही, त्यामुळे त्या टोळ्या निम्म्या वेळात संपायच्या. मोकळ्या मैदानात, गर्दी दाट असली की मी ऑरा बदलून कॉन्सन्ट्रेशन लावायचो आणि मैदान त्याचं. हे "आता तुझं, आता माझं" आम्ही मोठ्याने ओरडून ठरवायचो, कारण शेजारीच बसलेले असायचो. आणखी एक, हा ऑरा घेणाऱ्यांनी रिडेम्प्शन या दुसऱ्या ऑराच्या भरवशावर राहू नये. त्यालाही प्रेतंच लागतात.

शेवगा

मी २०२१ मध्ये, रिझरेक्टेड (डायब्लो २ ची नवी आवृत्ती) आल्यावर खेळायला लागले. त्याआधी दादाला खेळताना नुसती बघायचे. त्यामुळे माझं सगळं शिक्षण उशिराचं, पण चोख आहे. आकडे देते, कुणाच्या तरी कामी येतील.

होली फ्रीझ २०, रेझिस्ट कोल्ड २०, सॅल्वेशन २०. रेझिस्ट कोल्डचा प्रत्येक पॉइंट ऑराच्या थंड नुकसानात १५ टक्के भर घालतो, सॅल्वेशनचा ७ टक्के. म्हणून आधी रेझिस्ट कोल्ड पूर्ण करा. त्याचा दुसरा फायदा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्यात टाकलेल्या दर दोन पॉइंटमागे आपली थंडी सोसायची कमाल मर्यादा एकाने वाढते, ऑरा लावलेला नसला तरी. म्हणजे २० पॉइंटला ७५ च्या जागी ८५. झील (झपाट्याने वार करायचं कौशल्य) मात्र ४ वर थांबवा. चौथ्या पॉइंटला सलग पाच वार मिळतात, पुढचे पॉइंट दुसरीकडे जास्त उपयोगी पडतात. उरलेले होली शील्डमध्ये.

इथपर्यंत सोपं आहे. खरा बदल झाला तो "डूम" रनवर्डने, म्हणजे शस्त्राच्या खाचांत (सॉकेटांत) ठराविक क्रमाने बसवलेल्या रून्सनी. हेल, ओम, उम, लो, चाम या रून्स, याच क्रमाने, बरोबर पाच सॉकेटच्या कुऱ्हाडीत. ३३ रून्समध्ये चाम ३२ वी, त्यामुळे वाट बघायची तयारी ठेवा. मी हिवाळाभर थांबले. डूम हातात असली की लेव्हल १२ चा होली फ्रीझ शस्त्रातूनच चालू राहतो, शिवाय शत्रूची थंडी सोसायची ताकद ४० ते ६० टक्क्यांनी घटते. मग स्वतःचा ऑरा मोकळा होतो आणि तिथे कन्व्हिक्शन (शत्रूची सोसायची ताकद पाडणारा ऑरा) लावता येतो! रेझिस्ट कोल्ड आणि सॅल्वेशनमधले आपले पॉइंट शस्त्राच्या ऑरालाही लागू होतात. दोन ऑरे एकाच माणसाभोवती फिरताना पहिल्यांदा पाहिले तेव्हा दादाला फोन करून उठवलं होतं.

धागाकर्ता

शेवगा, फार नेमकं लिहिलंत. एक विचारतो : हेलमध्ये, म्हणजे सगळ्यात कठीण पातळीवर, थंडी न बाधणाऱ्या राक्षसांचं काय करता? मी दर वेळी तिथेच थबकतो.

दगडफूल

त्याचं उत्तर मी देतो, कारण तिथे मी माझा एक पॅलाडिन कायमचा सोडून दिला आहे.

ही २००४ ची गोष्ट. १.१० पॅच आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आला होता, सिनर्जी (एका कौशल्यातल्या पॉइंटांनी दुसऱ्याला बळ मिळणं) नवी होती आणि मी उत्साहात सगळे पॉइंट थंडीत ओतले. हेलमध्ये पोहोचल्यावर समोर कोल्ड इम्यून (थंडी न बाधणारी) टोळी आली की माझ्या हातात उरायचं फक्त तलवारीचं साधं नुकसान, आणि ती तलवार मी विचारपूर्वक घेतलेलीच नव्हती. तेव्हा पॉइंट परत घ्यायची सोय नव्हती. ती २०१० च्या १.१३ पॅचमध्ये आली, अकारा या खेळातल्या पात्राकडून, प्रत्येक डिफिकल्टीत (काठिण्य पातळीत) एकदा. मला सहा वर्षं उशीर झाला. लेव्हल ७८ चा तो पॅलाडिन होता, मी त्याच्यासाठी एक अख्खी दिवाळीची सुट्टी घालवली होती.

आज करायचं असेल तर तीन वाटा आहेत. कन्व्हिक्शन लेव्हल २५ ला शत्रूची सोसायची ताकद १५० टक्क्यांनी पाडतो, पण इम्यून असलेल्यावर त्याचा पाचवाच भाग लागतो, म्हणजे ३०. शत्रूचा सोसायचा आकडा १३० च्या खाली असेल तर इम्यूनिटी तुटते, नाहीतर नाही. दुसरी वाट २०२२ पासून रिझरेक्टेडमध्ये आलेला "कोल्ड रप्चर" चार्म (जवळ बाळगायची जादूची वस्तू). तो इम्यूनिटी फोडून आकडा ९५ वर आणतो, आणि बदल्यात तुमची स्वतःची थंडी सोसायची ताकद बरीच कमी करतो. इथे शेवगाचे रेझिस्ट कोल्डचे २० पॉइंट फक्त कमाल मर्यादा वाढवतात हे ध्यानात ठेवा, खड्डा भरून काढायला ढाल आणि बाकी चार्म लागतातच. हेलमध्ये आपल्या सोसायच्या ताकदीत आधीच १०० ची वजावट असते.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते. शस्त्र असं घ्या की नुसत्या घावानेही माणूस उभा राहील, आणि सोबत माइट ऑराचा (घावाचं नुकसान वाढवणारा) मर्सिनरी, म्हणजे भाडोत्री साथीदार, ठेवा. माझ्या त्या जुन्या पॅलाडिनला एवढं मिळालं असतं तर तो आजही खेळत असता.

तिळगूळ

माझा अनुभव हार्डकोअरचा, म्हणजे एकदा मेला की पात्र संपलं.

निहलाथाक या बड्या खलनायकाला जे भेटले आहेत त्यांना माहीत आहे. हॉल्स ऑफ वॉटमध्ये तो कोपऱ्यात बसलेला असतो, भोवती त्याची माणसं, आणि त्याच्याकडे कॉर्प्स एक्स्प्लोजन आहे. आपणच मारलेल्या राक्षसांची प्रेतं तो आपल्याच पायाखाली फोडतो. माझे दोन हार्डकोअर पॅलाडिन त्याच खोलीत गेले. दोन्ही हॅमरवाले. दोन्ही वेळा जीव भरलेला होता आणि एका क्षणात पडदा काळा. दुसऱ्यांदा मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो, घरच्यांना वाटलं कुणाचा तरी वाईट फोन आला.

तिसरा मी त्या खोलीसाठीच घडवला. वर पंचगंगाने लिहिलंय तेच माझ्या मनात होतं. जे मित्राला अडचणीचं, तेच इथे ढाल. प्रेत उरलंच नाही तर हा फोडणार काय? होली फ्रीझ लावून दारातच थांबलो, आत गेलोच नाही. त्याची माणसं एकेक करून बाहेर येऊ दिली, गारठवली, मारली. प्रत्येकाचा चुरा होतोच असं नाही, म्हणून जिथे प्रेत अख्खं राहिलं तिथून मी मागे सरकायचो आणि पुढची लढाई दहा पावलं अलीकडे लढायचो. या एका दारात माझी पंधरा मिनिटं गेली असतील. हात घामेजले होते, माउस दोनदा पुसला. शेवटी तो एकटा उरला. जवळ गेलो तेव्हा भोवती जमिनीवर बर्फाच्या कपच्यांखेरीज काही नव्हतं.

तो पॅलाडिन अजून जिवंत आहे. लेव्हल ८९. मी त्याला आता फार बाहेर काढत नाही.

चिंचोका

ज्यांना पॅलाडिन खेळायचाच नाही त्यांच्यासाठी एवढंच : नाइटमेअरमध्ये (मधल्या पातळीवर) अ‍ॅक्ट २ ला ग्राइझकडून डिफेन्सिव्ह मर्सिनरी घ्या. त्याच्याजवळ होली फ्रीझ असतो. माझी सॉर्सरेस त्याच्यामुळेच हेल बघू शकली.

मेपलवरचा_कावळा

मी विनिपेगला असतो. बाहेर उणे तीस असताना घरात बसून बर्फाचा योद्धा खेळणं मला मनापासून आवडतं.

माझा खेळ ग्रिम डॉन. त्यात दोन विद्या जोडून एक वर्ग होतो, आणि इन्क्विझिटर अधिक ओथकीपर म्हणजे पॅलाडिन. ओथकीपर २०१९ च्या फॉरगॉटन गॉड्समध्ये आला. बहुतेकांना ओथकीपर म्हणजे आग किंवा विष वाटतं. मी रून ऑफ हगाराड घेऊन थंडीकडे गेलो. ही रून जमिनीवर टाकून ठेवायची, शत्रू आला की फुटते. म्हणजे आपल्याला आधी ठरवावं लागतं की शत्रू कुठून येणार, मागे सरकत त्याला तिथे आणावं लागतं. इन्क्विझिटर सील खाली घालून त्यावर ठाण मांडून उभं राहायचं.

डिव्होशनच्या (नक्षत्रांवर खर्चायच्या) ५५ पॉइंटांत अमाटोक आणि लेव्हायथन दोन्ही बसवले. सगळ्यात आधी मात्र मर्मर घ्या. त्यातल्या रूमरने शत्रूची थंडी सोसायची ताकद उतरते आणि बाकी सगळ्याला तेव्हाच अर्थ येतो. मी हे उलट्या क्रमाने केलं आणि तीस-चाळीस तास उगाच कष्टात काढले.

धागाकर्त्यांनी लिहिलेली "मोजता आले" ही गोष्ट इथेही तशीच आहे. मला झटपट मारण्यात रस नाही. समोरचा काय करतोय हे दिसलं पाहिजे.

सांजवात

मी फारशी खेळणारी नाही. माझे बाबा खेळतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या भावाने त्यांना शिकवलं. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. क्लिक वेळेवर पडेना. त्यांची अ‍ॅमेझॉन एकामागून एक मरायला लागली आणि त्यांनी लॅपटॉप मिटून ठेवला. आम्हाला ते बघवत नव्हतं.

भावाने त्यांच्यासाठी पॅलाडिन काढला, १८ लेव्हलपर्यंत स्वतः नेला आणि होली फ्रीझ लावून दिला. झीलला एकदा क्लिक केलं की पाच वार आपोआप होतात, मध्ये कुणी मारलं तरी तुटत नाहीत. आणि समोरचे सगळे संथ. बाबांचा हात पोहोचेपर्यंत राक्षस तिथेच असतो.

अ‍ॅक्ट ५ मधले दोन कुऱ्हाडी घेऊन धावत येणारे ते बैलमुंडे राक्षस भावालाही नको वाटतात. परवा बाबांनी त्यातले तिघे एकट्याने पाडले. मग चष्मा काढून त्यांनी मला हाक मारली, "ये गं, बघ, हा कसा चालतोय." चौथा राक्षस निळा पडून त्यांच्याकडे येत होता, पाऊल पाऊल टाकत. बाबांनी आधी चष्मा पुसून डोळ्यांवर नीट चढवला आणि मग क्लिक केलं.