आईचा ७०वा वाढदिवस, फ्रेंच-आशियाई रेस्टॉरंट आणि शाकाहार: नेमकं काय विचारायचं?

केतकी:
पुढच्या शनिवारी आईला ७० पूर्ण होताहेत. आम्ही पाच जण एका फ्रेंच-आशियाई फ्यूजन रेस्टॉरंटमध्ये जाणार आहोत. सात कोर्सचा टेस्टिंग मेन्यू आहे. आई मासे-मांस खात नाही. अंडं, दूध, चीज चालतं. फोनवर "हो, व्हेज करून देऊ" एवढंच सांगितलं, आणि तेवढ्यावर माझं समाधान होत नाहीये. दोन वर्षांपूर्वी अशाच एका महागड्या ठिकाणी आमच्यापुढे एकेक सुंदर प्लेट येत होती आणि आईपुढे तीनदा त्याच उकडलेल्या भाज्या. "मला फारशी भूक नाहीये गं," म्हणत तिने निभावून नेलं. घरी आल्यावर रात्री अकराला ती एकटीच ओट्याशी दूध गरम करत उभी होती. ते मला अजून आठवतं. हे पुन्हा होऊ द्यायचं नाहीये.

जुना_बल्लव:
केतकीताई, मी बावीस वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली, त्यातली बरीच सॉसवर. "व्हेज आहे का?" विचारू नका, "स्टॉक कशाचा?" विचारा. या जेवणात मासे-मांस प्लेटमध्ये दिसत नाही, पातेल्यात असतं. फ्रेंच सॉसचा पाया बहुतेकदा वासराच्या नाहीतर कोंबडीच्या हाडांचा स्टॉक, तासन्‌तास उकळून आटवलेला. जपानी दाशीत, म्हणजे त्यांच्या सूप-सॉसच्या पायाच्या पातळ रश्श्यात, कोंबू हे समुद्री शेवाळ आणि त्याबरोबर सुकवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाचे काप. थाई करी पेस्टमध्ये कोळंबी, व्हिएतनामी ड्रेसिंगमध्ये फिश सॉस, चिनी पद्धतीच्या परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. शेवटी गोडाच्या मूस नाहीतर जेलीत जिलेटिन, तेही प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासूनचं.

पण आईंना कमी काही मिळेल असं समजू नका. नुसत्या कोंबू आणि सुक्या शिताके मशरूमची दाशी ही जपानच्या बौद्ध मठांतली जुनी रीत आहे. ज्या चवदार, भरीव चवीला जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये उमामी नाव दिलं, ती त्यांना कोंबूतच सापडली होती. शिताके सोबत आले की ती चव कितीतरी पटीने वाढते, त्यामुळे ही दाशी फिकी लागत नाही. जिलेटिनच्या जागी समुद्री शेवाळापासूनचं अगर-अगर चालतं. फक्त किचनला तीन-चार दिवस आधी कळायला हवं. ईमेल करा, आणि फोन दुपारी तीन ते पाचच्या मध्ये. तेव्हा शेफ बोलायला मोकळे असतात.

सावली:
आई वाइन घेत नसतील तर तेही लिही. बर ब्लांक या फ्रेंच बटर सॉसमध्ये व्हाइट वाइन असते, आशियाई ग्लेझमध्ये मिरिन किंवा साके ही तांदळाची जपानी दारू, आणि शिजवल्यावर ती सगळी उडून जात नाही. सात कोर्सला तीन तास सहज लागतात. माझे बाबा पाचव्या कोर्सपर्यंत पार थकले होते. लवकरची वेळ घे, आणि काउंटरची उंच स्टुलं नको, पाठ टेकायला खुर्ची माग.

केतकी (रविवारी):
काल जाऊन आलो. ईमेल वाचून शेफचा स्वतःहून फोन आला होता. टेबलावर आईचं नाव छापलेलं वेगळं मेन्यू कार्ड! दुसरा कोर्स चवानमुशी, म्हणजे वाफवलेलं अंड्याचं कस्टर्ड, कोंबू-शिताकेच्या दाशीतलं. तिने झाकण उचललं तशी चष्म्यावर वाफ आली. चष्मा काढून बाजूला ठेवला आणि तो कोर्स संपेपर्यंत परत लावलाच नाही. मग भाजलेल्या सेलरी रूटवर पांढऱ्या मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा) बटर सॉस. तो तिने ब्रेडने पुसून खाल्ला, आणि माझ्याकडे वाकून हळूच, "अजून एक ब्रेड मागितला तर चालेल का गं?"

चौथ्या कोर्सला चुकून आमची माशाची प्लेट तिच्यापुढे आली, पण कार्ड समोर होतं म्हणून लगेच लक्षात आलं. त्यांनी माफी मागून बदलून दिली. बाकी काही कमी पडलं नाही. घरी आल्यावर दूध नाही, काही नाही, सरळ झोपली.

बल्लवकाका, तुमचे खूप आभार. आईने विचारलंय, शिताके किती वेळ भिजवायचे?

जुना_बल्लव:
थंड पाण्यात, फ्रिजमध्ये, रात्रभर. ते पाणी फेकू नका म्हणावं, सगळी चव त्यातच उतरते. आईंना माझा नमस्कार सांगा.