बाबांना चित्ता दाखवायचाय: मारा की अम्बोसेली?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरहून नैरोबीला येताहेत, तीन आठवडे राहतील. बाबा ७२ वर्षांचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. बाबांची मागणी एकच आहे. "सिंह नाही दिसला तरी चालेल, मला चित्ता बघायचाय." त्यांचे आजोबा कोल्हापूर संस्थानच्या चित्तेखान्यात कामाला होते (तिथे शिकारीसाठी चित्ते पाळत), त्यामुळे लहानपणापासून त्यांनी चित्त्याच्याच गोष्टी ऐकल्या आहेत.

आम्हाला इथे येऊन जेमतेम सात महिने झाले. ऑफिसमधले लोक अम्बोसेली अभयारण्य सुचवतात, शेजारी म्हणतात मसाई माराच. आईला तो प्रवास झेपेल का? आणि दोघंही पक्के शाकाहारी आहेत.

– किलिमानीहून, कोल्हापूरची लेक

*

अगं, प्राण्यांचं नंतर, आधी लशीचं बघ. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. दाखला नसेल तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या पुढच्यांना ही लस द्यायची की नाही ते डॉक्टर तपासून ठरवतात, म्हणून आजच फोन कर.

दुसरं, आईला सांग, लाडू-चिवडा डब्यांतून आण. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरी बॅगांवर बंदी आहे, आणि २०२० पासून अभयारण्यांत पाण्याच्या वापरून फेकायच्या बाटल्याही चालत नाहीत. शिवाय दोघांचे स्वेटर. आफ्रिका म्हटलं की आपली माणसं सुती कपडेच भरतात, आणि ऑगस्टमधल्या पहाटे उघड्या टपाच्या गाडीत कुडकुडत बसतात.

आता तुझा प्रश्न. अम्बोसेली हत्तींसाठी जावं. समोर किलिमांजारो आणि पाणथळीत पोटापर्यंत उतरलेले हत्ती, ते दृश्य दुसरीकडे नाही. पण चित्त्यासाठी मी माराच म्हणेन. गवताळ मोकळं माळरान, नजर पोचेल तिथपर्यंत. रस्ता पाच-सहा तासांचा आहे. वाटेतल्या नारोक गावापर्यंत काही त्रास नाही, आईचा कस लागेल तो आतल्या कच्च्या वाटांवर. म्हणून आल्यावर दोन-तीन दिवसांनी तिला आधी नैरोबी नॅशनल पार्कमध्ये अर्धा दिवस ने. ११७ चौरस किलोमीटरचं, शहराला लागून, १९४६ पासूनचं. गेंडे, जिराफ, रानम्हशी, नशीब असेल तर सिंह. हत्ती मात्र तिथे नाहीत. चार तास बसून तिची पाठ कशी राहते ते कळेल. नाहीच जमलं तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला छोटी विमानं जातात. महाग आहेत, पण पाऊण-एक तासात पोचवतात.

जेवणाची काळजी नको. चपातीला स्वाहिलीतही चपातीच म्हणतात. उगाली आणि महाराग्वे, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा आणि राजमा, बाबांना नक्की आवडेल.

एक मनातलं सांगते. माझे सासरे आले तेव्हा आम्ही पाच दिवसांत नाकुरू, मारा, अम्बोसेली सगळं उरकलं. एका पाणवठ्यावर जिराफ पाणी पीत होता. पुढचे पाय फाकवायचा, वाकायचा, दचकून पुन्हा उभा राहायचा. सासरे म्हणाले, "थांबा जरा, त्याला पोटभर पिऊ दे." पण रेडिओवर सिंहाची खबर आली होती, आम्ही गाडी हाकली. सिंह दिसला, पंधरा गाड्यांच्या मधून. सासरे आता नाहीत. त्या जिराफाजवळ आम्ही थांबायला हवं होतं. तू तीन रात्री एकाच ठिकाणी राहा, आणि बाबा म्हणतील तिथे थांब.

– पार्कलँड्सच्या काकू

*

काकूंशी पूर्ण सहमत. एकच भर घालतो. सिंह-बिबटे बहुधा रात्री शिकार करतात, चित्ता दिवसा, नजरेच्या जोरावर. म्हणून गाड्यांचा सगळ्यात जास्त त्रास त्यालाच होतो. गाडी मधे आली की शिकार हुकते आणि पिल्लं उपाशी राहतात. एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा मारात नियम आहे, पण तो सर्रास मोडला जातो. ड्रायव्हरला निघतानाच सांगा, "आम्हाला जवळ नको, लांबूनच चालेल." जास्त बक्षिसाच्या आशेने ते पुढे घुसतात. आपण सांगितलं तर त्यांच्यावरचं दडपण कमी होतं. दुर्बीण नसेल तर माझी घेऊन जा.

– करेनहून, एक सभासद

*

सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

मी वरच्या मुलीचा बाप. कोल्हापूरला सुखरूप पोचलो. आपण सर्वांनी आमच्यासाठी एवढं लिहिलंत, म्हणून कळवणं माझं कर्तव्य आहे.

पहिले दोन दिवस चित्ता दिसला नाही. नू (वाइल्डबीस्ट) आणि झेब्रे मात्र हजारोंनी, आपल्याकडच्यासारख्या काळ्या चिकण मातीवर. तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि हळूच म्हणाला, "बाबा, दुमा." वडिलांना तिथेही बाबाच म्हणतात हे मला तोवर माहीत झालं होतं. दुमा म्हणजे चित्ता.

लांब एका वारुळावर मादी बसली होती. डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या काळ्या रेघा दुर्बिणीतून स्वच्छ दिसल्या. खाली गवतात तीन पिल्लं, पाठीवर राखाडी केस. हिने मोजली, मला आधी दोनच दिसली होती. थोड्या वेळाने मादी उतरली, दबकत गेली आणि एका लहान हरणामागे सुटली. हरणाने दोनदा वळण घेतलं आणि निसटलं. ती तिथेच बसली, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. मग तिने पिल्लांना हाक मारली, पाखराच्या चिवचिवाटासारखी.

आजोबा सांगायचे, चित्ता डरकाळी फोडत नाही, तो पाखरासारखा बोलतो आणि मांजरासारखा घुरघुरतो. आम्ही पोरं हसायचो. ते सांगायचे, डोळ्यांवर टोपी घालून त्याला छकड्यातून माळावर न्यायचे आणि काळवीट दिसलं की टोपी काढायचे. शिकार हुकली की तो रुसून बसायचा, मग चित्तेवान त्याला गोंजारून लाकडी पळीतून खायला द्यायचा. बंदिवासात चित्त्यांना पिल्लं होत नसत, एखादा अपवाद सोडला तर. त्यामुळे प्रत्येक चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. आपल्याकडचे संपत आले तेव्हा कोल्हापूरला आफ्रिकेतून बोटीने चित्ते आणले जाऊ लागले. हे मी ऐकून होतो, पण त्या माळावर बसून ते वेगळंच वाटलं. ती माणसं चित्त्यांवर माया करत, यात शंका नाही. पण टोपीखाली बसलेला तो प्राणी कुठल्या माळावरून धरून आणला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आम्ही दीड तास थांबलो. इंजीन बंद होतं. आणखी तीन गाड्या आल्या, पुढे गेल्या. आमचा ड्रायव्हर जागचा हलला नाही.

परतताना त्याला मी हे सगळं सांगितलं, मुलीने इंग्रजीत करून. चित्ता बैलगाडीत बसतो यावर त्याचा विश्वास बसेना. घरी आजोबांचा एक फोटो आहे, शेजारी छकडा आणि त्यावर टोपी घातलेला चित्ता. त्याची मोठी प्रत करून घेतली आहे, मागे स्वाहिलीत दोन ओळी मुलीने लिहून दिल्या तशा उतरवल्या आहेत. या महिन्यात कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईहून कुणी नैरोबीला परतणार असेल तर कृपया कळवावं. पाकीट साधं आहे, वजन काहीच नाही. पुण्या-मुंबईपर्यंत मी स्वतः आणून देईन.

आपला,
कोल्हापूरचे बाबा