वेस्टर्नची हद्द नक्की कुठे संपते?

रानवारा (धागाकर्ता)

हल्ली कुठल्याही चित्रपटाला 'वेस्टर्न' (काउबॉयपट) म्हणायची साथ आली आहे. निओ-वेस्टर्न, स्पेस वेस्टर्न, अर्बन वेस्टर्न... एक अबोल माणूस, एक उजाड रस्ता आणि शेवटी गोळीबार एवढं दिसलं की मारला शिक्का. मला हे मान्य नाही. धागा काढण्याचं कारण तेवढंच.

माझ्या मते वेस्टर्न ही एका ठरावीक काळाची आणि भूभागाची गोष्ट आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. १८९०च्या जनगणनेनंतर सरकारनेच सांगितलं की आता पश्चिमेकडे वसाहतीची सलग सीमारेषा म्हणून काही उरलेली नाही. मधली ही पंचवीसेक वर्षं. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हायला लागली, १८६९ मध्ये आरपार रेल्वे जोडली गेली, १८७४ मध्ये काटेरी तारेचं गाजलेलं पेटंट निघालं. जुन्या चांगल्या वेस्टर्नची कथा यातल्याच कशावर तरी चालते. 'शेन'मध्ये (१९५३) मोकळ्या कुरणावर हक्क सांगणारा गुरांचा मालक आणि कुंपण घालणारे शेतकरी एकमेकांसमोर उभे आहेत. हे भांडण होमस्टेड कायद्याशिवाय होतच नाही. 'रेड रिव्हर'मध्ये (१९४८) टेक्सासात गुरांना भाव नाही म्हणून हजारो जनावरं उत्तरेला हाकलत न्यायची आहेत, आणि सगळं बंड पेटतं ते मिझुरीला जायचं की रेल्वे पोचल्याची बातमी आहे त्या कॅन्ससला, यावरून. लिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये (१९६८) एक अख्खं कुटुंब मारलं जातं, कारण त्यांच्या रखरखीत जमिनीखाली पाणी आहे आणि येणाऱ्या वाफेच्या इंजिनाला ते लागणार आहे.

हे काढून घ्या, मग उरते ती नुसती टोपी. म्हणून 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७, कथा १९८० मधली) हा उत्तम गुन्हेपट आहे, वेस्टर्न नाही. 'स्टार वॉर्स' तर नाहीच. आणि आता शिव्या खायची तयारी ठेवून सांगतो, 'शोले' हा डाकूपट आहे.

---

प्रोजेक्टरवाला

साफ असहमत. तुमची कालमर्यादा पहिल्याच चित्रपटात कोसळते. एडविन पोर्टरचा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' १९०३चा. तोवर रेल्वे लुटणारा बुच कॅसिडी दक्षिण अमेरिकेत पळून जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. म्हणजे त्या वेळच्या प्रेक्षकाला ती ऐतिहासिक गोष्ट नव्हती, कालपरवाची बातमी होती! आणि बराचसा चित्रपट कुठे काढला? न्यू जर्सीत. काळही तुमचा नाही, भूभागही नाही, तरी या प्रकाराची सुरुवात सांगताना सगळे त्याचंच नाव घेतात.

'द वाइल्ड बंच' (१९६९) घडतो १९१३ मध्ये. त्यात मोटार आहे, मशीनगन आहे. 'बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक' (१९५५) दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४५ मध्ये. घोडा नाही, पण वाळवंटातलं गाव आहे, रेल्वेतून उतरलेला एक हात गमावलेला परका आहे आणि एका जपानी शेतकऱ्याचं काय झालं यावर सगळ्या गावाने धरलेली चुप्पी आहे. तो वेस्टर्न नाही हे मला पटवून दाखवा.

शिवाय जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'योजिम्बो' (१९६१) लिओनीनेच उचलला, स्पेनमध्ये चित्रीकरण केलं आणि 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) झाला. त्यावर 'योजिम्बो'वाल्या तोहो कंपनीने दावा ठोकला आणि पैसेही घेतले. जपानातली गोष्ट जशीच्या तशी तिकडे बसते, तर होमस्टेड कायद्याचं एवढं काय घेऊन बसलात?

---

रानवारा

प्रोजेक्टरवाला, 'वाइल्ड बंच' माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. त्यातल्या टोळीचं सगळं दुखणं हे की त्यांचा काळ संपलाय आणि त्यांना ते कळतंय. हद्द ओलांडल्याची जाणीव हाच त्या चित्रपटाचा विषय, मग हद्द होती म्हणूनच ना?

'योजिम्बो'बद्दल : दोन टोळ्यांना एकमेकांवर सोडणारा उपरा हे कथानक झालं. कथानक कुठेही प्रवास करतं. 'ब्लॅक रॉक' मला खूप आवडतो, पण तो वेस्टर्नच्या उरलेल्या सेटवर घडणारा रहस्यपट आहे.

---

टेक्सासकर

डॅलसजवळ राहतो, म्हणून थोडी पिंक टाकतो. भूभागाचं म्हणत असाल तर 'द सर्चर्स' (१९५६) बघा. सुरुवातीलाच पाटी येते, टेक्सास १८६८. मग दार उघडतं आणि समोर मॉन्युमेंट व्हॅली, जी युटा-अ‍ॅरिझोनाच्या हद्दीवर आहे. आमच्याकडे घर बांधणाऱ्याने तसला एक सुळका परसात दाखवला तर दुप्पट भाव लावेल!

त्याच्याच दिग्दर्शकाने, जॉन फोर्डने, 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मध्ये (१९४६) टूमस्टोन हे गावच उचलून त्याच दरीत नेऊन ठेवलं. तिथल्या ओ.के. कोरलची (कोरल म्हणजे जनावरांचं कुंपण) खरी चकमक २६ ऑक्टोबर १८८१ची, अर्ध्या मिनिटाची, आणि कोरलच्या आत नव्हे तर जवळच्या मोकळ्या जागेत झालेली. चित्रपटात त्या चकमकीतला डॉक हॉलिडे तिथे गोळी लागून मरतो. खरा डॉक १८८७ मध्ये कोलोरॅडोत क्षयाने गेला, आणि तो होता दातांचा डॉक्टर, चित्रपटात शल्यविशारद केलाय. नकाशा खोटा, तारखा खोट्या, मेलेली माणसंही खोटी. मग नेमक्या कुठल्या इतिहासाच्या जोरावर तुम्ही बाकीच्यांना हाकलताय?

---

निशिगंधा

टेक्सासकरांनी दार उघडलंच आहे तर आत जाऊ या. मॉन्युमेंट व्हॅली ही नावाहो या आदिवासी जमातीची भूमी आहे. फोर्डच्या चित्रपटांत नावाहो माणसंच दुसऱ्या जमातींची, अपाची व्हायची, कोमांची व्हायची. संवाद असला तर आपल्याच भाषेत बोलायची, कारण बघणाऱ्याला फरक कळणार नव्हता. 'द सर्चर्स'मधला कोमांची म्होरक्या स्कार हे पात्र केलं हेन्री ब्रँडनने, ज्याचा जन्म बर्लिनचा.

रानवारा, तुम्ही १८९०ची जनगणना सांगितलीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वूंडेड नी इथे लष्कराने लाकोटा आदिवासींची बायकामुलांसकट कत्तल केली, ते तुमच्या यादीत आलं नाही. कायदा आला, रेल्वे आली, तार आली. पण कुणाच्या जमिनीवर? 'मोकळी कुरणं' मोकळी नव्हती. आणि गुराखी तरी सगळे गोरे कुठे होते? चौघांतला एक कृष्णवर्णीय असावा असा अंदाज इतिहासकार देतात. दोर टाकण्यापासून खोगिरापर्यंतचं सगळं कसब मेक्सिकन वाकेरोंकडून (गुराख्यांकडून) आलेलं. जुन्या वेस्टर्नमध्ये ही माणसं शोधूनही सापडत नाहीत.

तरी मी हे चित्रपट बघते, आणि लाजून बघत नाही. 'द सर्चर्स'चा नायक ईथन पळवून नेलेल्या पुतणीला सोडवायला निघालेला नाही, अर्ध्या चित्रपटापासून तो तिला मारायला निघालाय, कारण ती आता 'त्यांची' झाली आहे. त्या भूमिकेत जॉन वेनला घेऊन १९५६ मध्ये हे दाखवणं साधं नाही. मला खेचतं ते हे. तुमचं काटेरी तारेचं पेटंट नव्हे.

---

खवचट म्हातारा

चालू द्या. आम्ही 'मॅकेनाज गोल्ड' पाहिला तेव्हा होमस्टेड कायद्याचं नावही कानावर नव्हतं. ग्रेगरी पेक, ओमर शरीफ, आणि शेवटी अख्खी दरी कोसळते! अमेरिकेत त्या चित्रपटाला फारसं कुणी विचारलं नाही, भारतात मात्र लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला. पुण्यात अलकाला इंग्रजी चित्रपट लागला की आमच्यातल्या अर्ध्यांना संवाद कळायचे नाहीत, तरी मध्यंतरात भांडणं व्हायची ती कोण आधी पिस्तूल काढतो यावर. पंडितांनी हद्दी आखाव्यात, आम्ही पिटात बसतो.

---

तिसरी घंटा

काकांना +१, पण भांडण इथेच सोडायला जीव होत नाही.

माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या जागी रेघ मारताहेत. 'हाय नून' (१९५२) घ्या. त्यात गुरं नाहीत, कुंपण नाही, जमिनीचा वाद नाही. बारा वाजता गाडी येणार, तिच्यातून फ्रँक मिलर उतरणार, आणि गॅरी कूपरने केलेला गावचा मार्शल केन दारोदार मदत मागत फिरतो. गाव पाठ फिरवतं. पटकथाकार कार्ल फोरमनला त्याच सुमारास, १९५१ मध्ये, अमेरिकन काँग्रेसच्या कम्युनिस्टविरोधी समितीने बोलावलं होतं. मित्र कसे गायब होतात हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढे त्याला हॉलिवुडमध्ये काम मिळेना म्हणून तो इंग्लंडला गेला.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि जॉन वेनला हा चित्रपट अजिबात पटला नाही. चांगला शेरीफ असा दारोदार फिरतोच कशाला, असं हॉक्सचं म्हणणं. त्यांनी उत्तर म्हणून 'रिओ ब्राव्हो' (१९५९) केला. तिथला शेरीफ मदतीला आलेल्यांनाही हुसकतो. शेवटी त्याच्याबरोबर उरतात एक दारुडा, एक लंगडा म्हातारा आणि एक पोरगा. तेच कपडे, तेच जेल, तोच रस्ता, आणि निष्कर्ष अगदी उलटा.

वेस्टर्न टिकला तो यामुळे. एक माणूस गावाचं काय देणं लागतो हा प्रश्न या चौकटीत प्रत्येक पिढीला नव्याने भांडता आला, आणि चौकट इतकी ओळखीची की प्रास्ताविकात वेळ जात नाही. 'हाय नून' १९८१ मध्ये गुरूच्या आयो या उपग्रहावर नेला, 'आउटलँड' नावाने, शॉन कॉनरीला घेऊन. बसला. रानवारांच्या कसोटीवर 'आउटलँड' बाद होईल हे ठीक, पण मग 'हाय नून'ही बाद होतो. सांगा, करताय बाद?

---

रानवारा

प्रश्न चांगला आहे. नाही करत बाद.

फ्रँक मिलरला फाशीची शिक्षा झाली होती. ती उत्तरेतल्या राजकारण्यांनी रद्द केली आणि तो सुटला. म्हणजे न्यायालय आहे, पण लांब. मिलर गाडीतून उतरेल त्या क्षणी केनने फोन करावा असं कुणीही अस्तित्वात नाही, आणि त्याने तर सकाळीच लग्न करून बिल्लाही ठेवून दिलाय. कायद्याचा कागद पोचलाय, माणूस पोचलेला नाही. मी म्हणतो तो काळ हाच. 'आउटलँड'मध्ये ही परिस्थिती अवकाशात कष्टाने रचावी लागते, १८७०च्या न्यू मेक्सिकोत ती रचावी लागत नाही.

निशिगंधाताई, वूंडेड नी माझ्या यादीत हवंच. पण त्याने माझा मुद्दा आणखी घट्टच होतो. 'द सर्चर्स'चं विष त्या जमिनीचं आणि त्या वर्षांचं आहे. तोच ईथन अवकाशात पाठवला तर तो विक्षिप्त प्रवासी ठरेल. प्रेक्षकाला त्याची भीती वाटते, कारण असली माणसं तिथे खरोखर होती.

---

अर्धवटराव

बराच वेळ गप्प होतो, 'शोले'वर कुणीच काही बोलेना म्हणून.

१९७५, बंगळुरूजवळच्या रामनगरचे खडक, सुरुवातीलाच मालगाडीवर घोडेस्वारांचा हल्ला, भाड्याने आणलेले दोन बदमाश, दहशतीखालचं गाव. पोलीस लांब आहेत म्हणून तर ठाकूर जय-वीरूला आणतो. कागद पोचलाय, माणूस पोचलेला नाही, तुमचेच शब्द. डाकूपट कसा?

---

रानवारा

कारण ठाकूर स्वतः पोलीस अधिकारी होता. गब्बरला त्यानेच पकडलं, न्यायालयाने शिक्षा दिली, तुरुंग होता, तो तुरुंग फोडून गब्बर पळाला. रामगढला कायदा माहीत आहे, तो हरलाय. आणि शेवट बघा. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरने तो बदलायला लावला, म्हणून १९७५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'शोले'त ऐन वेळी पोलीस येतात आणि ठाकूरला थांबवतात. वेस्टर्नचं दार सलीम-जावेदनी उघडलं असेलही, सेन्सॉरने बंद केलं.

---

अर्धवटराव

शेवटी पोलीस आले की वेस्टर्न नाही? मग 'स्टेजकोच'चं (१९३९) काय करायचं? मार्शल कर्ली पूर्ण प्रवासभर रिंगो किड या फरारी कैद्यासोबत गाडीत आहे. बेड्या घालायला आलेला माणूसच त्याला सूड घ्यायला मोकळा सोडतो, आणि नंतर घोड्यांना दगड मारून त्याला त्याच्या प्रेयसीसकट (तिचं नाव डॅलस) सीमेपलीकडे पिटाळतो. कायदा हजर आहे, त्याने डोळेझाक केली एवढंच. आणीबाणीत ती करता आली नाही. तुमचा निकष शेवटी कथेवर चाललाय की सेन्सॉरच्या मूडवर?

---

निशिगंधा

हा प्रतिसाद आवडला. रानवारा, 'स्टेजकोच'चं उत्तर द्या, आणि जेरोनिमोचे अपाची त्या चित्रपटात तोंडातून एक अक्षर तरी काढतात का, तेही बघून या.